उज्जैनच्या वाटेची आखणी

आगमनकाळातील एका संध्याकाळी जपमाळ आटोपून आम्ही निवासाच्या ओट्यावर बसलो होतो. गावातील एक आजी काठी टेकीत टेकीत आल्या, पायरीवर बसल्या, आणि धाप ओसरताच म्हणाल्या, "फादर, जानेवारीत माझ्या पोरीला पंचवीस वर्षं भरतात. मला उज्जैनला न्या."

त्यांची कन्या धर्मभगिनी आहे. २००१ च्या जानेवारीत तिने पहिली व्रते घेतली, पुढे परिचारिकेचे शिक्षण घेतले, आणि आता कित्येक वर्षे ती उज्जैन येथील एका मिशन इस्पितळात रुग्णसेवा करीत आहे. तीनचार वर्षांनी एकदा ती रजेवर येते, आठपंधरा दिवस राहते आणि जाते. परंतु आई एकदाही तिकडे गेलेली नव्हती. कधी भातलावणी आडवी आली, कधी म्हैस व्यायला झालेली होती, पुढे पतीचे आजारपण आले, आणि तो देवाघरी गेल्यावर गुडघ्यांनी दगा दिला. पहिल्या व्रतांच्या विधीसही त्या गेल्या नव्हत्या. त्या काळी त्या घरात या गोष्टीवरून अबोला होता. त्याविषयी इतकेच पुरे. आता वय शहात्तर. मुलगे म्हणत होते की, आईला हा प्रवास झेपणार नाही, आपण चारचौघे जाऊन येऊ आणि तिला फोनवर सोहळा दाखवू. म्हणून त्या मुलांना वगळून थेट आमच्याकडे आल्या होत्या.

वसईहून उज्जैन म्हटले की कोणीही शहाणा मनुष्य आगगाडीचे नाव घेईल. मुंबईहून संध्याकाळी निघणारी अवंतिका एक्सप्रेस बोरिवलीस धरावी, बडोदा आणि रतलाम झोपेत मागे टाकावे, आणि सकाळी उज्जैनला उतरावे. गाडीस नावही त्या नगरीचेच दिलेले आहे. अवंतिका हे उज्जैनचे पुरातन नाव. आम्हीही प्रथम हेच सुचविले. परंतु माणसे झाली अकरा, आणि अकरा जणांचे आरक्षण एका डब्यात मिळेना. आजींना फलाटाच्या जिन्यांची आणि चालत्या गाडीत रात्री उठण्याची धास्ती वाटत होती. तिसरे कारण आमचे स्वतःचे होते, आणि ते येथे कबूल केलेले बरे. इंदूरपासून दीडदोन तासांच्या वाटेवर उदयनगर नावाचे गाव आहे. तेथे धन्य राणी मारिया हिची समाधी आहे. तेथे एकदा गुडघे टेकावेत अशी आमची फार दिवसांची इच्छा होती, आणि तेथे आगगाडी जात नाही. तेव्हा सतरा आसनांची एक भाड्याची गाडी घेऊन रस्त्याने जावयाचे ठरले.

आखणीची बैठक आमच्याच ओट्यावर भरली. आजींच्या नातवाने मोबाईलवर वाट काढून दाखविली. अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, वेळ बारा तास. त्याचा बेत तयारच होता. रात्री नवाला निघावे, सकाळी नवाला पोहोचावे, एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च वाचेल, आणि रात्री रस्ता मोकळा असतो. तरुण मंडळींनी माना डोलावल्या. यंत्राने सांगितलेले ते बारा तास ज्या गाडीचे आहेत तिच्यातील माणसांना तहान लागत नाही, पाय आखडत नाहीत आणि कोणाला आडोसा शोधावा लागत नाही, असे आम्ही म्हणालो तेव्हा मंडळी हसली. बेत मात्र बदलला नाही.

बदलला तो ड्रायव्हरमुळे. तो कोपऱ्यात चहा पीत बसला होता. आम्ही त्याला विचारले, "रात्रभर गाडी चालवशील का?" तो म्हणाला, "चालवीन, फादर. पण पहाटे तीन ते पाच मी डोळे उघडे ठेवून झोपतो." या उत्तरावर कोणी हसले नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी जो कायदा झाला त्यात दिवसाला आठ तास काम, आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विसावा असे घालून दिले होते. ही गोष्ट आम्ही त्या मंडळींना सांगितली. आपल्या गावच्या किती वऱ्हाडांनी आणि किती यात्रांनी हे तास पाळले असतील याचा ज्याने त्याने विचार करावा.

दुसरी गोष्ट घाटाची. महाराष्ट्राची हद्द संपते ती धुळे जिल्ह्यातील पळासनेर या गावाजवळ, आणि तेथून सातपुड्याचा बिजासन घाट चढून सेंधव्यास जावे लागते. उतारावरून येणाऱ्या अवजड वाहनांचे ब्रेक तेथे निकामी होतात. ४ जुलै २०२३ रोजी पळासनेर येथे असाच एक भरलेला ट्रक ताबा सुटून वाहनांवर आणि रस्त्याकडेच्या माणसांवर गेला, आणि निदान दहा जीव गेले. तो अपघात दिवसाउजेडी झाला, हे खरे. परंतु समोरून काय येत आहे ते दिवसा निदान दिसते. घाट दिवसा ओलांडावयाचा, हे त्या बैठकीत ठरले. आणि एवढे ठरताच बाकीचा आराखडा आपोआप बसत गेला. वसई ते धुळे सव्वातीनशे किलोमीटर, धुळे ते उज्जैन जवळजवळ तितकेच. अर्ध्या वाटेवर धुळे आहे, तेव्हा रात्र धुळ्यास काढावी. सोमवारी सकाळची मिस्सा करून निघावे, मंगळवारी संध्याकाळी पोहोचावे, बुधवारी सोहळा, गुरुवारी शहर पाहून दुपारी उदयनगर, आणि शनिवारी घरी. यात आमचा रविवार बुडत नव्हता.

जुन्या करारातील टोबीतच्या ग्रंथाची आठवण आम्हास या निमित्ताने झाली. प्रवासाच्या तयारीचे एवढे बारीक वर्णन पवित्र शास्त्रात क्वचितच आढळते. म्हातारा आंधळा टोबीत आपल्या मुलास दूर मेदिया देशास धाडतो, परंतु आधी वाट ठाऊक असलेला माणूस शोधून आण असे सांगतो. तो माणूस आल्यावर त्याचे कूळ विचारतो, वाट खरोखर ठाऊक आहे ना याची खात्री करतो, आणि दिवसाला एक द्राख्मा व वाटखर्च असा रोजही ठरवितो. तो वाटाड्या राफाएल देवदूत आहे हे त्याला कोठे ठाऊक असते! आई मात्र हिशेबात भाग घेत नाही. ती रडते, आणि पोराला पाठविलेच कशाला असे नवऱ्याला विचारते. आमच्या आजींनी पंचवीस वर्षांपूर्वी हेच विचारले होते.

याच वाटेने आमच्याआधी कोण गेले होते हेही आम्ही मंडळींना सांगितले, कारण उज्जैनचे नाव आपल्या लोकांना महाकालामुळे आणि कुंभमेळ्यामुळे माहीत असते, परंतु तेथून येशूसंघाचे तीन धर्मगुरू १५८० सालीच गेले होते हे फारसे कोणास ठाऊक नसते. अकबर बादशहाने गोव्याहून धर्मगुरू मागविले होते. त्याप्रमाणे रुदोल्फ आक्वाविवा, अंतोनियो मोंसेरात आणि फ्रान्सिस हेन्रिकेस हे तिघे १७ नोव्हेंबर १५७९ रोजी गोव्याहून समुद्रमार्गे निघाले. सुरतेस उतरून जानेवारीत ते खुश्कीच्या वाटेस लागले. खानदेशातील सुलतानपूर, मग नर्मदा, मांडू, उज्जैन, सारंगपूर, सिरोंज, नरवर आणि ग्वाल्हेर असे मुक्काम करीत २८ फेब्रुवारी १५८० रोजी आक्वाविवा फत्तेपूर शिक्रीस पोहोचले. सुरतेपासून सुमारे सहा आठवडे लागले. त्यातील मोंसेरात हे मोठे टिपणकार. वाटेत ते ठिकठिकाणी अक्षांश मोजीत आणि लिहून ठेवीत. त्या मोजणीवरून त्यांनी हिंदुस्थानाचा जो नकाशा काढला तो युरोपीय माणसाने प्रत्यक्ष मोजमापाने काढलेल्या पहिल्या नकाशांपैकी एक गणला जातो. त्यांच्या लॅटिन वृत्तांताचे हस्तलिखित शेकडो वर्षे नाहीसे झाले होते. ते १९०६ साली कलकत्त्यास सापडले. परंतु हे नकाशा काढणारे मोंसेरातच नरवर येथे आजारी पडले. सोबती पुढे गेले, आणि ते मागाहून पोहोचले. पुढे आक्वाविवा गोव्यास परतले आणि २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे रक्तसाक्षी झाले. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली त्यांना धन्य घोषित केले.

हे ऐकून नातवाने विचारले, "फादर, आजारी माणसाला त्यांनी मागे कसं टाकलं?" आम्हास उत्तर देता आले नाही. परंतु त्याच रात्री त्याने आजींसाठी ड्रायव्हरच्या मागचे आसन राखून ठेवले, तेथे कमी धक्के बसतात म्हणून. आणि दर दोन तासांनी कोठे थांबावयाचे याची यादी केली. यादीत स्वच्छ शौचालय असलेल्या जागा त्याने एकेका ठिकाणी फोन करून ठरविल्या होत्या. त्या यादीचे आम्हास फार कौतुक वाटले.

सोमवारी सकाळी साडेसहाला निघालो. चिंचोटी, कामण, भिवंडी हा आरंभीचा टप्पा आमच्या वाचकांना सांगावयास नको. तेथील खड्डे आपल्या ओळखीचे आहेत. भिवंडीजवळ आमणे येथे समृद्धी महामार्गावर चढलो. आमणे ते इगतपुरी हा त्याचा ७६ किलोमीटरचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि तेव्हापासून कसारा घाटाची नागमोडी चढण टाळता येते. घाटाऐवजी सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा लागतो. बोगद्यात शिरताच आजींनी मरियेची प्रार्थना सुरू केली, आणि उजेड दिसेपर्यंत सर्व गाडी त्यांच्यामागून ती म्हणत होती. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या दर्शनाला वाकडी वाट करावी असे बायकांचे म्हणणे पडले. त्याने एक तास गेला असता. आम्ही नको म्हणालो. पुढे चांदवडच्या डोंगराखाली भाकरी सोडली, मालेगाव मागे टाकले, आणि चारच्या सुमारास धुळ्यास पोहोचलो. एका धर्मगुरुबंधूंच्या वसतिगृहात उतरण्याची सोय होती. आजींच्या पायांवर सूज आली होती. सिस्टरांनी फोनवरून सांगितल्याप्रमाणे पाय उशीवर उंच ठेवून त्या निजल्या. आम्ही मात्र बराच वेळ जागे होतो. मुलांचे म्हणणे खरे ठरले तर काय, हा विचार मनातून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुके होते. आराखड्यात सहाची वेळ होती. ड्रायव्हर म्हणाला, समोरचा ट्रक दिसेपर्यंत निघावयाचे नाही. पावणेआठला निघालो. तापी ओलांडली, शिरपूर गेले, पळासनेर आले. गाडीत कोणी बोलेना. घाटात समोरून एकामागून एक ट्रक उतरत होते, काही अगदी सावकाश, काही तसे नव्हे. वर बिजासनी देवीचे देऊळ आहे. तेथे आमच्या ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि हात जोडले. सेंधव्यास पाट्या हिंदी झाल्या, चहात आले वाढले, आणि पोह्यांवर शेव आली.

खलघाट येथे नर्मदेचा पूल आहे. नदी रुंद, संथ आणि निळी. पलीकडच्या एका मोटारीतून कोणी पाण्यात नाणी टाकीत होते. येथून धामणोद लागते, आणि तेथून उजवीकडे थोड्याच अंतरावर महेश्वर. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील चौंडी गावची मुलगी अहिल्याबाई होळकर हिने जेथून राज्य केले ते हे महेश्वर. डावीकडे मांडू, जेथे १५८० साली आपले ते तिघे धर्मगुरू थांबले होते. आराखड्यात दोन्ही नव्हती. मंडळींनी महेश्वरासाठी आग्रह धरला; आम्हासही मोह झाला. त्याच वेळी मागून आजी म्हणाल्या, "आता कुठंच थांबू नका." दोन तासांनी थांबण्याची जी यादी त्यांच्यासाठीच केली होती ती त्यांनीच रद्द केली. त्यानंतर ड्रायव्हरच्या जेवणाखेरीज आम्ही थांबलो नाही. महेश्वर राहिले, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

मानपूरचा घाट चढला की माळव्याचे पठार लागते. काळी माती, गव्हाची हिरवी शेते, मध्येच लसणाचे वाफे. आपल्या वाडीतल्या माणसाच्या डोळ्यांना एवढी मोकळी जमीन पाहून नवल वाटते. इंदूर शहर बाजूने टाळले. इंदूर ते उज्जैन अंतर अवघे पंचावन्न किलोमीटर, परंतु २०२८ च्या सिंहस्थासाठी हा रस्ता सहापदरी करण्याचे काम २०२४ साली हाती घेतलेले आहे. सांवेरच्या आसपास वाहनांची रांग लागली आणि धुक्याने गेलेल्या वेळात आणखी तास मिळाला. इस्पितळाच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा सात वाजून गेले होते.

सिस्टर फाटकाशीच उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोणास ठाऊक. गाडीचे दार सरकले, नातवाने आजींना हात दिला, आणि त्या खाली उतरल्या. सिस्टर म्हणाल्या, "आई." आजींनी त्यांच्या पांढऱ्या वेषाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, पदराने आपला चेहरा पुसला, आणि म्हणाल्या, "सिस्टर, सुकेळी आणलीत. आगाशीची." मग दोघी आत गेल्या. आम्ही बाकीचे सामान उतरविण्यात गुंतलो; सामान फार नव्हते, तरी त्याला बराच वेळ लावला.

बुधवारचा सोहळा हिंदीत आणि सिरो-मलबार विधीप्रमाणे झाला. उज्जैनचे धर्मप्रांत लॅटिन विधीचे नाही, हे तेथे जाणाऱ्याने आधी समजून घ्यावे. २९ जुलै १९६८ रोजी उज्जैनचे मिशनक्षेत्र वेगळे करून केरळातील संत तोमाच्या मिशनरी संघाकडे सोपविण्यात आले, आणि १९७७ साली त्याचे धर्मप्रांत झाले. बिशप जॉन पेरुमत्तम हे त्याचे पहिले बिशप. म्हणजे केरळातील पुरोहितांनी परक्या भाषेत, परक्या हवेत हे क्षेत्र उभे केले, आणि त्यात आमच्या वसईच्या मुलीही जाऊन मिळाल्या. कुर्बानातील प्रार्थनांचा क्रम आजींना ठाऊक नव्हता, हिंदीही निम्मी कळली असेल. परंतु सिस्टरांनी हातात मेणबत्ती घेऊन व्रतांचे नूतनीकरण केले, तेव्हा त्या काठीचा आधार घेऊन उठून उभ्या राहिल्या आणि विधी पुरा होईपर्यंत उभ्याच होत्या. मोठ्या मुलाने दोनदा बसण्यास खुणावले. त्यांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले.

दुपारी त्या इस्पितळाच्या स्त्रियांच्या विभागात जाऊन बसल्या. शेजारच्या खाटेवरील शेतकरी बाई माळवी बोलत होती आणि आजी आमची वसईची बोली. तासाभराने आम्ही गेलो तेव्हा दोघींची मुले किती, जमीन किती आणि गुडघ्याला काय लावतात इथपर्यंत बोलणे झालेले होते. त्या बाईने आमच्याकडे पाहून सांगितले की, ही सिस्टर रात्री दोनला हाक मारली तरी येते. हे हिंदी वाक्य आजींनी आमच्याकडून दोनदा मराठीत ऐकून घेतले.

गुरुवारी सकाळी आम्ही शहर पाहावयास निघालो. आजी आल्या नाहीत. पाय दुखतात म्हणाल्या. उज्जैन पाहताना मराठी माणसास परके वाटत नाही. राणोजी शिंद्यांपासून हे शिंद्यांचे ठाणे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरजवळ लष्कर येथे हलविली, तोवर कारभार येथूनच चाले. महाकालाचे आजचे देऊळ अठराव्या शतकात राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या काळात पुन्हा उभे राहिले, आणि चौकातील गोपाळ मंदिर दौलतरावांची पत्नी बायजाबाई यांनी बांधविले. दुकानांच्या पाट्यांवर मराठी आडनावे अजून दिसतात. महाकालाभोवतीचा नवा विस्तीर्ण परिसर ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि तेव्हापासून गर्दी फार वाढली असे सर्वजण सांगतात. आम्ही आखणी करताना सोमवार आणि महाशिवरात्रीचे दिवस टाळले होते ते याचसाठी. शिप्रेच्या रामघाटावर थोडा वेळ बसलो. पाणी शांत होते, एक म्हातारा माशांना कणकेच्या गोळ्या टाकीत होता.

परंतु आम्हास सर्वांत अधिक वेळ लागला तो वेधशाळेत. जयपूरचा राजा सवाई जयसिंग माळव्याचा सुभेदार असताना, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने नदीकाठी ही वेधशाळा बांधली. विटाचुन्याची ही यंत्रे म्हणजे भिंती, जिने आणि कोरलेल्या कमानी. सम्राट यंत्राच्या भिंतीची सावली कमानीवरून सरकत जाते आणि त्यावरून वेळ कळते. आमच्या नातवाने मोबाईलमधील घड्याळ काढून ताडून पाहिले, आणि उज्जैनची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे सत्तावीस मिनिटे मागे असते हे तेथेच शिकला. प्राचीन ज्योतिषी रेखांश मोजीत ते उज्जैनपासून. पृथ्वीची मध्यरेषा येथून जाते असे ते धरीत. कर्कवृत्तही अगदी जवळून जाते, म्हणून जूनच्या अखेरीस दुपारी येथे सावली जवळजवळ नाहीशी होते.

याच जयसिंगाने मानुएल द फिगरेदो या येशूसंघीय धर्मगुरूंना १७२७ च्या सुमारास पोर्तुगालला पाठविले. जयपूरहून गोवा, गोव्याहून जहाजाने लिस्बन, आणि पुन्हा परत. ते १७२९ च्या जानेवारीत लिस्बनला पोहोचले आणि येताना ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची ग्रहकोष्टके घेऊन आले. राजाने ती डोळे मिटून स्वीकारली नाहीत. प्रत्यक्ष वेध घेऊन ताडली, आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक दाखविली. समुद्रापलीकडून एवढ्या कष्टाने आणलेली कोष्टके, आणि त्यात अर्धा अंश चूक! त्या पाद्रींना ते ऐकून काय वाटले असेल? आमचा तो बारा तासांचा आकडा आठवून आम्ही नातवाकडे पाहिले. तो सावली पाहण्यात गढलेला होता.

दुपारी दोनला उदयनगरसाठी निघावयाचे होते. सर्वांच्या पिशव्या गाडीत चढल्या, आजींची नव्हती. त्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून होत्या. मोठा मुलगा म्हणाला, "आई, चल, उशीर होतो." त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. मी राहते." किती दिवस, असे विचारता, "सिस्टर म्हणेल तितके." मुलगा संतापला, मग विनवू लागला, मग आमच्याकडे पाहू लागला. औषधे कोण देणार, असे धाकट्याने विचारले, आणि आपण इस्पितळाच्या आवारात उभे आहोत हे ध्यानात येऊन स्वतःच गप्प झाला. सिस्टर खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांच्या वरिष्ठ भगिनींनी पाहुण्यांची एक खोली मोकळी आहे एवढेच सांगितले. आम्ही आमच्या आराखड्याचा कागद घडी करून खिशात ठेवला.

उदयनगरास पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. राणी मारिया केरळातील पुल्लुवळी गावची. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची भगिनी. या भागातील गरीब आदिवासींना सावकारी कर्जातून सोडविण्यासाठी ती झटली, आणि त्यामुळे काहींच्या डोळ्यांत सलू लागली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सकाळी ती येथून इंदूरच्या बसमध्ये बसली. तिला पुढे केरळात घरी जावयाचे होते. वाटेत नाचनबोर टेकडीजवळ बसमध्येच तिच्यावर सुरीचे वार झाले, आणि रस्त्याकडेला तिने प्राण सोडला. सहप्रवाशांपैकी कोणी पुढे झाले नाही. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली तिची सख्खी बहीण, स्वतः धर्मभगिनी, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. २००६ साली तो सुटला, आणि राणी मारियाच्या आईने त्याला घरी येऊ दिले, त्याचे हात हातांत घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियाला धन्य घोषित करण्यात आले.

समाधीपाशी आम्ही जपमाळ केली. तेथून परतताना, अंधार पडण्यापूर्वी, तीच टेकडीची वाट लागली. ड्रायव्हरला आम्ही काही सांगितले नव्हते, तरी त्याने आपण होऊन विचारले, "हीच का ती जागा?" आणि गाडी बाजूस घेतली. आम्ही खाली उतरलो नाही. गाडीतील सर्व बायकांनी आपापली जपमाळ हातात धरली होती. आजींच्या मोठ्या मुलाने त्या वेळी काचेबाहेर पाहात, कोणालाच उद्देशून नव्हे, असे म्हटले की, आईने तिला त्या वेळी जाऊ दिले नसते तर ती निघून गेली असतीच. कोणी उत्तर दिले नाही.

शुक्रवारी घाट दुपारच्या उजेडात उतरलो, रात्र धुळ्यास काढली, आणि शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेपूर्वी घरी पोहोचलो. ड्रायव्हरच्या मागचे आसन वसईपर्यंत रिकामेच होते. त्यावर आजींची उशी तेवढी होती. जागा अपुरी असूनही तेथे कोणी सामान ठेवले नाही.

तीन आठवड्यांनी सिस्टरांना रजा मिळाली, आणि त्या आईला घेऊन अवंतिका एक्सप्रेसने आल्या. पहाटे बोरिवलीस उतरल्या. फलाटाला उद्वाहन होते. आम्ही दुसऱ्या दिवशी भेटावयास गेलो तेव्हा आजी अंगणात तांदूळ निवडीत होत्या. पाय कसे आहेत असे विचारले. बरे आहेत म्हणाल्या, आणि सूप बाजूला सारून सांगू लागल्या, "फादर, आगगाडीत झोप फार छान लागते. तुम्ही उगीच एवढा त्रास घेतलात."